घाणाघराची फरशी

१

"घाणाघरात राहायचं?" भावानं फोनवर विचारलं. "तिथं माणसं राहतात का?"

"आता राहतील," फरशीवाली म्हणाली.

गावात तिला सगळे फरशीवालीच म्हणायचे. सत्तावीस वर्षं ती लोकांच्या घरांत फरश्या बसवत होती आणि स्वतः मात्र भाड्याच्या खोलीत, उखणलेल्या जमिनीवर चटई टाकून झोपत होती. लोकांच्या बैठकीत, न्हाणीघरात, जिन्यावर ती गुडघे टेकून हिंडली होती. पाहुणी म्हणून खुर्चीवर बसायला फार थोड्यांनी बोलावलं. बावन्नाव्या वर्षी गावाच्या टोकाचं बंद पडलेलं घाणाघर तिच्या नावावर झालं. तेल गाळायचा लाकडी घाणा कधीच मोडून गेला होता, मधलं दगडी उखळ तेवढं जमिनीत रुतून होतं. चार जाड भिंती, उंच कौलारू छप्पर, एक रुंद दार आणि वर, हात पोचणार नाही अशा दोन लहान खिडक्या. भिंतींना अजून जुन्या तेलाचा वास येत होता. तिला तो आवडला.

घाई का होती तेही सांगून टाकू. तिची आई भावाकडे होती. दोन वर्षांपूर्वी पडल्यापासून आईला कुणी धरल्याशिवाय एक पाऊल टाकता येत नव्हतं, आणि वहिनीनं तिची खाट जिन्याखाली, चपलांच्या रांगेशेजारी लावून दिली होती. आता भावाचं बिऱ्हाड नोकरीपायी लांबच्या शहरात चाललं होतं. आईसाठी त्यानं एक वृद्धाश्रम बघून ठेवला होता. महिनाअखेर तुझं घर उभं राहिलं तर आईला तू ने, नाहीतर मी तिकडे पोचवतो, असं त्यानं अगदी गोड आवाजात सांगितलं. फरशीवालीला रडू आलं नाही. तिला राग आला, आणि राग आला की तिचा हात झपाझप चालायचा. हाताशी सव्वीस दिवस होते.

२

उखळ उपटायला चार माणसं लागली. ते निघालं तेव्हा त्याच्याभोवतीचा गोल चर नीट दिसला. फिरून फिरून जमिनीत पडलेला, दीड हात रुंद आणि चांगला वीतभर खोल. एवढ्याशा जागेत किती चाललं असेल बिचारं जनावर, असं तिच्या मनात आलं आणि तिनं मुरूम मागवला. खड्डा भरला, चर भरला, तीन दिवस धुमस मारमारून जमीन दगडासारखी केली. पाणसळ ठेवून बघितली. बुडबुडा मधोमध येऊन उभा राहिला.

मग फरशी सुरू झाली. दारासमोरच्या भिंतीपासून मागे मागे येत, दोरीच्या रेषेत. आणि रोज कामावरून निघण्याआधी ती एक गोष्ट न चुकता करायची. तिच्या उस्तादानं लावलेली सवय होती ती. हातोडी उलटी धरायची आणि लाकडी दांड्यानं आदल्या दिवशीची प्रत्येक फरशी वाजवून बघायची. प्रत्येकीला तीन ठोके. आवाज भरीव आला तर काम पक्कं. पोकळ आला तर खाली माल बसलेला नाही, फरशी उचला. हल्लीच्या पोरांना एवढा दम कुठला! त्यांच्या फरश्या वर्षभरात बोलू लागतात. "माझी फरशी आजवर बोललेली नाही," असं ती तोऱ्यात सांगायची, आणि ते खरंच होतं.

फरशी सुरू केल्याच्या पाचव्या सकाळी आत पाऊल टाकलं आणि पायाखाली एक फरशी डुगडुगली.

तिला आधी खरंच वाटेना. खाली बसून वाजवली. पोकळ. शेजारची वाजवली, तीही पोकळ. पोकळ निघेल तिच्यावर ती खडूनं फुली मारत गेली आणि सात फुल्या झाल्यावर उठून उभी राहिली. फुल्या एका गोलाईत पडल्या होत्या.

चरावरची भर खचली, दुसरं काय, असं तिनं स्वतःला समजावलं. पण सत्तावीस वर्षांचा अनुभव गप्प बसेना. चराच्या खालची जमीन तर वर्षानुवर्षं तुडवलेली. सगळ्या घाणाघरात तिच्याइतकी टणक जमीन दुसरी नाही. खचायचंच होतं तर बाकीचं खचायला हवं. आणि याच सात फरश्या काल संध्याकाळी तिनं स्वतः वाजवल्या होत्या. सातही भरीव होत्या.

३

दाराच्या चौकटीचं काम सुतारकाकांकडे होतं. वय सत्तरीपुढचं, तोंडात कायम दोन खिळे, आणि खिळ्यांमधून वाट काढत चालणारी बडबड.

"अगं, तूच बसवलेली फरशी तूच उपटतेस?" ते म्हणाले. "हौस दांडगी आहे हं तुझी."

"काका, तुम्ही चौकट बघा. मागच्या वेळी दार लावलंत ते अजून आपलं आपण उघडतं."

"हवेशीर राहतं ना पण घर!"

ती हसली, पण हात थांबला नव्हता. फरश्या उचलल्या तर खालच्या मालाचं पीठ झालं होतं आणि मुरूम चार बोटं खाली दबला होता. वरून जड काहीतरी, पुन्हा पुन्हा, त्याच जागी. तिनं सगळं काढून खडी घातलेला जाड कोबा टाकला, वाळू दिला आणि पुन्हा फरशी लावली. दरम्यान आईच्या खोलीसाठी एका विटेची आडभिंतही उभी केली. संध्याकाळी सवयीप्रमाणे ठोके देऊन ती घरी गेली.

सकाळी भिंतीला दोन तडे होते. जिथं भिंत चराच्या वाटेवर येत होती नेमक्या त्या दोन ठिकाणी, कमरेच्या उंचीवर, विटा सरकल्या होत्या. उजवीकडच्या विटा खोलीत ढकलल्या गेल्या होत्या. डावीकडच्या खोलीतून बाहेर. भिंत नुसती एका बाजूला कललेली नव्हती. कुणीतरी इथून आत गेलं होतं आणि तिथून बाहेर पडलं होतं, गोल गोल.

"माल कच्चा कालवलास," सुतारकाका म्हणाले.

"मी?" ती म्हणाली, आणि तिनं अशा नजरेनं पाहिलं की काकांनी मुकाट्यानं रंधा उचलला.

४

चौदा दिवस उरले होते. भावाचा फोन येऊन गेला. वृद्धाश्रमवाल्यांना काय कळवायचं, असं तो विचारत होता.

"कळवून टाक, आई येत नाही."

"घर झालं?"

"होतंय."

तिनं चराच्या वाटेवरचं सगळं पुन्हा उखडलं आणि चांगला वीतभर जाड, ओला कोबा ओतला. या वेळी कुणाच्या बापाला हलवता येणार नाही, असं मोठ्यानं म्हणाली. मधल्या भागातल्या जुन्या फरश्या तेवढ्या तपासायच्या राहिल्या होत्या, त्या फळीवर बसून वाजवल्या. तीन, तीन, तीन. मग थापी आणि घमेलं धुवायला बाहेर नळावर गेली. नळ दारासमोरच होता, दहा पावलांवर. चार वाजले असतील, ऊन चांगलं कडक होतं. दाराकडे तोंड करूनच ती धूत बसली होती. त्या वेळात दारातून कुणी आत गेलं नाही, मांजरसुद्धा.

परत आली तर ओल्या कोब्यावर पावलं उमटली होती.

तिच्या मनात पहिला आला तो संताप. ओल्या कामावर पाय दिलेला कुठल्याच कारागिराला खपत नाही. "कोण आहे रे तिकडं?" ती ओरडली आणि हातोडी घेऊन सगळे कोपरे बघून आली. बघायला होतं काय? रिकामी खोली. मग ती खाली वाकली, आणि संताप हळूहळू पायातून निघून गेला.

खुर नव्हते. माणसाची पावलं होती, अनवाणी, अरुंद. तिनं आपलं पाऊल शेजारी धरून बघितलं. ती पावलं तिच्या पावलाहून लहान होती. बोटं कोब्यात खोल रुतली होती आणि टाचा जेमतेम टेकल्या होत्या. चढावर भरलेली गाडी ढकलताना माणसाचे पाय पडतात, तसे. पावलं पूर्ण गोल गेली होती. त्यांना सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता. कोब्याबाहेर एकही डाग पडला नव्हता.

तिनं थापी घेतली. एकेक पाऊल गुळगुळीत करत ती पूर्ण गोल फिरली. काम अर्धवट टाकून पळणं तिला माहीत नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी तिनं कुणाला काही सांगितलं नाही. दुपारी काम आटोपत आलं तशी ती आईच्या खोलीतल्या फरश्या वाजवायला बसली. दहाबारा झाल्या असतील, तेवढ्यात दारात सुतारकाका दिसले. तोंडात खिळे नव्हते आणि चेहरा उतरला होता.

"तू ठोकत होतीस होय?"

"मग काय तुमचा आजोबा?"

काकांनी हसून दाखवलं, पण ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेरच उभे राहून ते डोकं पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "आम्ही लहान असताना या भिंतीला कान लावायचो. घाण्याचा मालक, म्हातारा, कधी हाक मारायचा नाही. त्या तिथल्या कोपऱ्यात बसायचा, आणि काठीनं जमिनीवर ठोकायचा. तीनदा. मग घाणा करकर करत फिरायला लागायचा. थांबला की पुन्हा तीन. सेम हाच आवाज बघ. मला वाटलं..."

"बैल होता ना घाण्याला?"

"होता की. आधी होता."

"आणि नंतर?"

काकांनी खिशात खिळे चाचपले. एक काढला, बघितला, पुन्हा ठेवला. "आम्हाला आत येऊ द्यायचे नाहीत गं," ते म्हणाले. "दार लावलेलं असायचं. बैल मेल्यावरही तेल मिळायचं, एवढं आठवतं. घरात एवढं तेल यायचं, आणि घाणा आता ओढतंय कोण, हे आमच्यातल्या कुणी कधी विचारलं नाही."

ते गेल्यावर फरशीवाली हातातल्या हातोडीकडे बघत बसली. फरश्या पोकळ झाल्या ती सकाळ तिनं आठवली, मग भिंतीचे तडे, मग कालची पावलं. प्रत्येक वेळी आधी तिचे ठोके, आणि मग ते चालणं. इतके दिवस तिला वाटत होतं की कुणीतरी तिचं काम नासवतंय. उलट तीच रोज संध्याकाळी कुणाला तरी कामाला लावून, दाराला कुलूप घालून, निवांत घरी जेवायला जात होती.

तिला भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली, आणि लाजेच्या मागोमाग तिचा तो नेहमीचा राग आला. "मला माहीत नव्हतं," ती रिकाम्या खोलीला म्हणाली. "आता नाही ठोकणार. शपथ."

६

उस्तादाची सवय मोडून तिनं उरलेली सगळी फरशी बिनठोक्याची लावली. हाताच्या तळव्यानं दाबून, अंगठ्यानं चाचपून. फार जिवावर आलं तिला. पण रोज सकाळी फरशी आदल्या संध्याकाळी होती तशीच असायची. आडभिंत पुन्हा रचली, तिला तडा गेला नाही. सांधे भरले, भिंतींना चुना दिला, खिडक्यांना काचा बसल्या. म्हातारा बसायचा त्या कोपऱ्यातली फरशी तिनं सगळ्यात शेवटी लावली. तिथला माल वाळायला चार दिवस लागले. बाकी ठिकाणी एका दिवसात वाळत होता. ओल असेल, ती म्हणाली, आणि दुसऱ्या कामाला लागली.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी सकाळी भावाची गाडी दारात आली. भाऊ आत येऊन गोल फिरला. फरशीवरून बुटाचं टोक फिरवलं. "झालं की गं खरंच," तो म्हणाला आणि घाईघाईनं आईचं गाठोडं उतरवून निघून गेला. थांब, चहा घे, असं फरशीवालीही म्हणाली नाही.

दोघींनी मिळून, एकीनं धरून आणि दुसरीनं धरवून घेऊन, खाट गाठली. आईनं पाय लांब केले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"एवढी सगळी जागा माझी?"

"तुझी."

"चपलांचा वास नाही गं इथं," आई म्हणाली आणि डोळे मिटून पडली. फरशीवाली आडभिंतीपलीकडे जाऊन भांडी घासू लागली. तिथं ती थोडी रडली. कुणी बघत नव्हतं.

७

दुपार होती. खिडकीतून ऊन फरशीवर पडलं होतं आणि घर अगदी शांत होतं. शेवटचं पातेलं पालथं घालताना तिला ठोके ऐकू आले.

तीन.

तिची मान आपोआप खिळ्याकडे वळली. हातोडी खिळ्याला टांगलेली होती. जराही हलत नव्हती.

पुन्हा तीन. कोपऱ्यातून. हलक्या हातानं दिलेले, सराईत. जगात दुसरं काहीच काम नसलेल्या माणसाचे ठोके.

पलीकडे खाट कुरकुरली. ती धावत खोलीच्या दारात आली आणि बघतच राहिली. आई चालत होती. दोन वर्षांत जिला आधाराशिवाय उभं राहता आलं नव्हतं, ती आई एकटी, कुणाला न धरता, चालत होती. क्षणभर, अगदी एक क्षणभर, फरशीवालीला आनंद झाला.

मग तिला आईचे हात दिसले. छातीशी आडवे धरलेले, मुठी वळलेल्या, समोर दांडा असावा तशा. डोळे घट्ट मिटलेले. टाचा उचललेल्या, बोटं फरशीवर रोवलेली. कंबरेत वाकून, सगळं अंग पुढं लोटत, आई गोलाईनं आडभिंतीकडे निघाली होती. आणि तिच्या पुढं आणखी कुणीतरी होतं. भिंतीच्या चुन्यात अर्धं शिरलेलं. एका बाईची पोक आलेली पाठ, मळका मानेचा भाग, आणि डोक्यामागं डोळ्यांवरच्या फडक्याची आवळून मारलेली गाठ. एवढंच दिसलं. गाठीत केस अडकले होते.

"आई! थांब! आई!"

आईला ऐकू गेलं नाही. ठोके पडले. आईचं पाऊल पडलं.

फरशीवालीचे पाय आईकडे धावले आणि मध्येच थांबले. धरून ठेवशील, तिला वाटलं. आज धरशील, उद्या धरशील, आणि कामाला गेल्यावर? सांगायचं होतं ते आईला सांगून उपयोग नव्हता. ज्याला सांगायचं तो कोपऱ्यात होता.

ती वळली आणि कोपऱ्याकडे चालू लागली. तिथं काही नव्हतं, तिचीच फरशी होती. ठोक्यासरशी फरशीवरची धूळ तेवढी उडत होती. जवळ जावं तसा जुन्या तेलाचा कुबट वास दाट होत गेला. तिचा सगळा जीव मागं फिर म्हणत होता. तिनं पाठ वळवली, भिंतीला टेकली आणि भसकन खाली बसली.

जागा रिकामी नव्हती.

पाठीला भिंत लागलीच नाही. हाडं लागली. गार, ताठ, जराही न हलणारी हाडं, आणि कानाशी एक श्वास, आपली जागा कधीच कुणासाठी न सोडलेल्या माणसाचा. तिच्या घशातून किंकाळी वर आली होती. ती तिनं गिळली आणि कंबरेचा एक जोरदार रेटा दिला.

"सरक," ती म्हणाली. "घर माझं आहे. इथं कोण बसेल ते मी ठरवणार."

ठोका पडला. या वेळी तिच्या मणक्यावर. एक. दोन. तीन. आणि तिचे गुडघे उठले. तिनं उठवले नव्हते, ते आपले आपण उठले. सत्तावीस वर्षं लोकांच्या घरात जमिनीला टेकलेले ते गुडघे सांगितलेलं ऐकायला तयारच होते. तिनं दोन्ही हातांनी ते खाली दाबले, एवढे की नखं रुतली.

"नाही उठत. जा."

पुन्हा तीन ठोके. डोळ्यांपुढं अंधारी आली. ती जोरात ओरडली. "बसा! बसा दोघी खाली! कोणी चालायचं नाही या घरात!"

आई थांबली. भिंतीपासून हातभर अंतरावर. तिचे हात हळूहळू खाली आले आणि ती होती तिथंच फरशीवर बसली. त्याच वेळी तिच्या शेजारी, जिथं दिसायला कोणीच नव्हतं, तिथं दुसऱ्या कुणाचे तरी गुडघे कडाकडा वाजत टेकल्याचा आवाज झाला आणि एक लांब, फार लांब श्वास सुटला.

आईनं डोळे उघडले. आजूबाजूला बघितलं. तिला आपण इथवर कसे आलो ते कळत नव्हतं. तिनं कोपऱ्यातल्या लेकीकडे पाहिलं आणि जन्मभर ज्या आवाजात सगळ्यांना विचारत आली त्याच आवाजात विचारलं, "बसू ना गं मी? चालेल?"

"बस," फरशीवाली म्हणाली. "कोणी उठवणार नाही तुला."

मणक्यावर पुन्हा ठोका पडला, आधीपेक्षा जोरात. तिनं दात आवळले, पाय फरशीवर सरळ लांब पसरले आणि पाठ आणखी मागं रेटली.

"ठोक," ती म्हणाली. "ठोक हवं तेवढं."

तो ठोकत राहिला. कोणीच उठलं नाही.